कृपा आणि सराव

मराठी मंडळीत वाढलेल्या माणसाला आयत्या वेळी प्रार्थना करायला सांगितलं तरी तो अडखळत नाही. डोळे मिटतो, स्वर्गीय पित्याला हाक मारतो, मग आजारी, विधवा, परगावी शिकणारी मुलं, देशाचे अधिकारी, पाळकसाहेब आणि त्यांचं कुटुंब असा सगळ्यांचा उल्लेख करत येशूच्या नावाशी येऊन थांबतो, आणि घरातली पोरंसोरं एका आवाजात ‘आमेन’ म्हणतात. हे मोठं धन आहे. आजीने चुलीपुढे बसवून दिलेलं, रविवारच्या शाळेत पक्कं झालेलं. पण त्याच माणसाला विचारावं, की मागून झाल्यावर तू देवासमोर किती वेळ बसतोस? तो काही म्हणतोय का हे ऐकतोस का? तापट स्वभाव, पैशाची ओढ, भावकीतलं जुनं वैर, यातलं गेल्या दहा वर्षांत देवाच्या हाती काय काय दिलंस? इथे बहुतेकांचं बोलणं खुंटतं. हे पुस्तक नेमकं त्या ठिकाणापासून सुरू होतं.

ते लिहिलं गेलं मुळशीत. धरणाच्या पाण्यापासून जवळच्या एका घरात काही जण महिन्यातला एक शनिवार एकत्र घालवतात. त्यात हिंजवडीच्या कंपन्यांत नोकरी करणारे आहेत, पौडच्या बाजूला शिकवणाऱ्या शिक्षिका आहेत, पुण्याच्या रुग्णालयांतल्या परिचारिका आहेत, एक-दोन निवृत्त पाळक आहेत. कुणी कॅथलिक, कुणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कुणी कुठल्याच मोठ्या पंथाचं नाव न लावणाऱ्या लहान मंडळीतले. सकाळी जमायचं, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, दुपारपर्यंत मौन पाळायचं, मग जेवायचं आणि मग बोलायचं. या बैठकांसाठी लिहिलेली टिपणं हातोहात फिरली, झेरॉक्स होऊन नगर-सोलापूरपर्यंत गेली, आणि आता ती एकत्र छापली जात आहेत. मौन, एकांत, उपास, शास्त्रवाचन, दिवसाचा आढावा, साधी राहणी, पापकबुली, सेवा असे विषय आहेत. प्रत्येकाबरोबर प्रत्यक्ष करायचा अभ्यास आहे. मला प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी लगेच होकार दिला, कारण असं पुस्तक मराठीत असावं हे मला मनापासून वाटत आलं आहे.

पहिल्यांदा मनातली अढी बोलून टाकू. आमच्या प्रोटेस्टंट घरांत एक गोष्ट दुधाबरोबर पाजली जाते, की तारण कृपेने आहे, कर्माने नाही. आमचे पणजोबा उपासतापास, नवस, व्रतं मागे टाकून आले. आता नातवंडांनी पुन्हा साधनेच्या मागे का लागायचं? हा आक्षेप मी हलका मानत नाही. नगर, जालना, सोलापूरकडच्या ज्या वस्त्यांतून आमच्यातले बहुसंख्य लोक ख्रिस्ताकडे आले, त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं होतं की पुण्य हे तुमच्या वाट्याचं नाही, देवळाची पायरी तुमच्यासाठी नाही. देव फुकट जवळ घेतो, आधी काही कमवून आणावं लागत नाही, ही बातमी त्यांच्यासाठी खरोखर शुभवर्तमान होती. ती कुणी काढून घेऊ पाहत असेल तर मीसुद्धा विरोधात उभा राहीन.

पण कृपा फुकट आहे म्हणून ती आपल्याला आहोत तसंच ठेवते, असं शास्त्रात कुठे आहे? मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल बोलतो. शिष्य हे करतीलच, असं तो धरूनच चालतो. ताकीद देतो ती लोकांना दाखवण्यासाठी करू नका एवढीच. मार्काच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमचा तो गर्दीचा दिवस आहे. सभास्थान, शिमोनाची आजारी सासू, संध्याकाळी दाराशी लोटलेलं सगळं गाव. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत येशू उठून एकटाच ओसाड जागी जातो, आणि शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत फिरतात. देवाच्या पुत्राला जर रोजच्या धबडग्यातून अशी वेळ काढून ठेवावी लागत होती, तर आपलं त्यावाचून निभावेल हे कशाच्या बळावर म्हणायचं?

मुळशी-मावळच्या भातशेतीत शेतकरी पावसाआधी राब भाजतो, बांध घालतो, पेरा करतो, मग चिखलणी आणि लावणी. यातल्या कशानेही पाऊस पडत नाही, आणि रोपाला वाढवणंही त्याच्या हातात नाही. पण खाचराचा बांध फुटका असेल तर जुलैतला मुळशीचा तो अफाट पाऊसही ओढ्याला मिळतो. साधना म्हणजे तो बांध. पाणी वरून येतं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नसावी.

आणखी एक गोष्ट. आपली जडणघडण व्हायची की नाही, हा पर्याय आपल्यापुढे नाहीच. ती चालूच आहे. भूमकर चौकातल्या वाहनांच्या गर्दीत रोज सकाळी अडकणारा माणूस काहीतरी शिकतच असतो. घाई शिकतो, दुसऱ्याच्या पुढे गाडी घालायला शिकतो. अंथरुणावरून उठायच्या आत हातात येणारा मोबाइल त्याला काय हवंसं वाटावं ते शिकवतो. वर्षाकाठी होणारं कामाचं मूल्यमापन त्याला स्वतःची किंमत कशात मोजायची ते शिकवतं. हे सगळे गुरू चोवीस तास हजर असतात आणि त्यांचा अभ्यास कधी चुकत नाही. रविवारच्या दीड तासाच्या उपासनेने त्यांच्याशी सामना होईल अशी आशा धरणं भाबडेपणाचं आहे.

अशा पुस्तकांची आज पाश्चात्त्य देशांत लाट आहे, आणि तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी क्वेकर पंथाच्या रिचर्ड फॉस्टर यांचं ‘सेलिब्रेशन ऑफ डिसिप्लिन’ हे 1978 मधलं पुस्तक आहे. ध्यान, उपास, साधेपणा, एकांत, पापकबुली असे बारा अभ्यास त्यांनी प्रोटेस्टंट वाचकांपुढे नव्याने ठेवले. त्याच 1978 मध्ये आपल्याकडे जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांचं ‘साधना’ निघालं. त्यातला पहिला अभ्यासच गप्प बसण्याचा आहे, आणि त्यानंतर श्वासाकडे, शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देण्याचे अभ्यास येतात. डिमेलो मुंबईचे. त्यांनी पुण्यात सुरू केलेली साधना संस्था त्याच वर्षी लोणावळ्याला गेली, म्हणजे मुळशीच्या शेजारच्याच मावळ तालुक्यात. 1987 मध्ये ते वारले. 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांबद्दल, विशेषतः नंतरच्या लेखनाबद्दल, सावधगिरीचं निवेदन काढलं, हे कॅथलिक वाचकांना ठाऊक असेल. प्रस्तुत पुस्तकाने त्यांच्याकडून शांत बसायची पद्धत घेतली आहे, आणि बसल्यावर कुणासमोर बसलो आहोत याबद्दल मात्र कुठेही धूसरपणा ठेवलेला नाही. ही निवड मला योग्य वाटते.

तरी मराठी ख्रिस्ती साधनेची सुरुवात 1978 मध्ये शोधू नये. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ लोकांसमोर मोठ्याने वाचला जाई. अक्षरओळख नसलेली माणसं तो ऐकत, आणि ऐकता ऐकता ती कथा त्यांच्या तोंडी बसे. लेक्तियो दिविना म्हणून आज ज्या सावकाश वाचनाचे वर्ग भरतात, त्याच्याजवळ जाणारी गोष्ट कोकणपट्टीतली साधी माणसं चारशे वर्षांपूर्वी करत होती.

पण माझ्या मते या विषयावर ज्या एका ठिकाणाचा खोल अभ्यास व्हायला हवा, ते केडगाव आहे. आमच्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दौंड तालुक्यात, सोलापूरच्या रेल्वेवर. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुली-बायकांना गोळा करत करत केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे 1905 मध्ये जे आध्यात्मिक संजीवन झालं त्याची कीर्ती जगभर गेली. पेंटेकॉस्टल चळवळीचे इतिहासकार आजही मुक्तीला तिच्या उगमस्थानांत मोजतात. 29 जून 1905 ही तारीख आमच्या संजीवन सभांत वक्ते अजून सांगतात. मुली रडल्या, मोठ्याने पापं कबूल केली, रात्र रात्र प्रार्थना केली. हे सगळं खरं आहे.

मला मात्र त्या तारखेच्या आधीचे सहा महिने जास्त बोलावतात. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा सत्तरएक मुली पुढे आल्या. मग जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, केडगावचा उन्हाळा आला आणि गेला. त्या काळाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. रोज ठरल्या वेळी जमायचं, मागायचं, आणि कामावर जायचं. कामही काय थोडं होतं? हजाराहून जास्त माणसांचा स्वयंपाक, हातमाग, तेलाचा घाणा, शेती, गोठा, आंधळ्या मुलींचं शिक्षण, कृपा सदनात आलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांची देखभाल. जूनमध्ये जे झालं ते देवाने केलं. पण जानेवारी ते जून तिथे हजर राहणाऱ्या मुली होत्या, आणि जूननंतरही दुसऱ्या दिवशी दळण दळलं गेलं, गाईंची धार काढली गेली.

मुक्तीतली दुसरी गोष्ट छापखान्याची. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सगळं पवित्र शास्त्र खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत आणण्याचं काम हाती घेतलं. खिळे जुळवायला त्यांच्याच मुली शिकल्या. देवनागरीचं जुळणीचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते किती किचकट असतं ते माहीत आहे. खिळ्यांच्या पेटीतलं प्रत्येक घर पाठ हवं. अक्षर वेगळं, काना वेगळा, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरांचे तुकडे सगळे वेगळे, आणि अक्षर उलटं वाचायचं. एक वचन उभं करायला कितीतरी वेळा हात पेटीत जाणार. मग मुद्रित काढायचं, चुका सुधारायच्या, पुन्हा जुळवायचं. दुष्काळात मरणाच्या दारातून आणलेली मुलगी स्तोत्रसंहितेतला मेंढपाळाचा अध्याय जुळवते तेव्हा तिच्या बोटांतून त्या वचनाची एकेक वेलांटी जाते. इतक्या सावकाश, इतक्या जवळून शास्त्र वाचणारे आपल्यापैकी किती असतील? 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या दुःखातही भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या तेव्हा ते पूर्ण झालं होतं. पुरा ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला.

प्रार्थना आणि घाम यांची अशी गाठ मला मराठी ख्रिस्ती परंपरेत पुन्हा पुन्हा दिसते. या पुस्तकातल्या मौनाच्या प्रकरणानंतर लगेच सेवेचं प्रकरण का आलं, याचं कारण या गाठीत सापडेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना कोण विसरेल? त्यांची गीतं ‘उपासना संगीता’तून आपण लहानपणापासून म्हणत आलो. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते उघड सांगत. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र असावेत ही त्यांची इच्छा होती. मे 1919 मध्ये ते गेले आणि दरबाराला पुरतं रूप यायचं राहिलं.

साधनेच्या पुस्तकात मी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांच्याआधी बसवीन. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या मोडून पडल्या. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, 1900 मध्ये, आणि तोही नवऱ्यामागे जायचं म्हणून नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसतं की त्यांचं सोवळं एका सभेत, एका प्रवचनात सुटलं नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाला घरात घ्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, हे प्रश्न त्यांनी एकेक करून स्वतःच्या मनाशी झगडत सोडवले. प्रत्येक वेळी आधी एक लहानशी कृती, मग आतला बदल, आणि मग मागे फिरायची वाट बंद. पुढे ज्यांना जगाने दूर लोटलं अशी कितीतरी मुलं त्यांच्या घरी वाढली, आणि टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरं केलं. आपल्या मंडळ्यांत साक्ष सांगायची ती एका क्षणात पालटलेल्या आयुष्याची, असा प्रघात पडला आहे. ज्यांचं आयुष्य लक्ष्मीबाईंसारखं इंच इंच पालटलं त्यांना वाटतं, आपल्याजवळ साक्षच नाही. हे पुस्तक अशा माणसांसाठी आहे.

टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो नगरकडे मिशनरी होते. 1922 मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि पुढे पुण्यात शिवाजीनगरला त्याचा आश्रम झाला. इंग्रज आणि भारतीय माणसं एका पंगतीत जमिनीवर बसून जेवत, खादी वापरत, ठरल्या वेळी एकत्र उपासना करत. राज्यकर्त्यांच्या वंशातल्या माणसाने त्या काळात असं राहणं ही लहान गोष्ट नव्हती. व्हेरिअर एल्विन 1927 मध्ये याच संघात आले. त्यांची वाट पुढे गोंडांच्या वस्तीकडे आणि अखेर चर्चच्या बाहेर गेली. हे लपवायचं कारण नाही. साधना माणसाला कुठे नेईल याची हमी कोणताही आश्रम देऊ शकत नाही. 1970 च्या दशकात हाच आश्रम ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम म्हणून नव्याने भरला, तो कॅथलिक आणि अँग्लिकन सिस्टरांच्या एकत्र राहण्याने. त्यातल्या अँग्लिकन सिस्टर इंग्लंडमधल्या वाँटेजच्या संघाच्या, आणि 1883 मध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो वाँटेजलाच. आमच्या जिल्ह्यात हे धागे असे एकमेकांत गुंतलेले आहेत.

आता मुळशीबद्दल. पुण्याहून येणाऱ्याला पिरंगुट ओलांडल्यावर हवा बदललेली जाणवते, आणि पौडच्या पुढे पाणी दिसलं की तो म्हणतो, काय शांत जागा आहे. शांत आहेच. पण या पाण्याखाली गावं आहेत. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी इथे धरण बांधायचं ठरलं तेव्हा मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. लढा हरला, घरं आणि भाताची खाचरं बुडाली, आणि ते पाणी आजही सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला उतरून वीज करतं. ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडं धरणाच्या काठावरच राहतात, आणि आता उरल्यासुरल्या डोंगरउतारांचे प्लॉट पडत आहेत.

अशा ठिकाणी मौनाला बसायचं तर कुठे बसलो आहोत हे जाणून बसावं. गटाने एक चांगली प्रथा पाडली आहे. वर्षातून एकदा ते पाण्याच्या काठावर नाबोथाच्या द्राक्षमळ्याचा उतारा वाचतात. पहिल्या राजे पुस्तकाचा एकविसावा अध्याय. वाडवडिलांची जमीन विकणार नाही म्हणणारा एक शेतकरी, ती हवी असलेला राजा, आणि कागदोपत्री सगळं रीतसर करून देणारे वडीलधारे. उतारा वाचून झाल्यावर तासभर कुणी बोलत नाही. मग चर्चा होते, आणि ती नेहमीच सुखाची नसते. पुस्तकात हा अभ्यास दिला आहे. आपापल्या गावात हे कुठे बसून वाचायचं, ते वाचकांनी ठरवावं.

मुळशीचं आणखी एक देणं आहे, ते बायकांचं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मुळशीतल्या बायकांच्या ओव्या त्यात भरपूर आहेत. पहाटे, घर निजलेलं असताना, खुंटा धरून दळता दळता बाई बोलत असे, देवाशी, आईशी, स्वतःशी. दिवसभरात तिचं ऐकणारं तेवढंच. एकांत मिळवायला तीन दिवसांची रजा आणि निवासाचे पैसे लागतात असं ज्यांना वाटतं त्यांनी या बायकांचा विचार करावा. आणि नवरा तीन दिवस मौनात बसला असताना घरी डबे कोण भरतं, हेही विचारावं. पुस्तकात हा प्रश्न विचारला आहे, आणि गटाने त्यावर काढलेली तोड साधी आहे: बैठकीच्या दिवशी स्वयंपाक पुरुष करतात.

सगळ्या अभ्यासांत मला सर्वांत उपयोगी वाटलेला अभ्यास म्हणजे दिवसाचा आढावा. तो मुळात इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’तला, ते पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं. रात्री निजण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. आधी दिवसाबद्दल आभार, मग देवाच्या उजेडात सकाळपासून रात्रीपर्यंत एकदा चालत यायचं, मन कुठे मोकळं झालं आणि कुठे आखडलं ते पाहायचं, जिथे चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी एक विनंती. ऐकायला सोपं वाटतं. गटातले एक गृहस्थ जमिनीच्या व्यवहारात आहेत. त्यांनी हा आढावा सुरू केला आणि रोज रात्री एकच वाक्य त्यांच्यापुढे येऊन उभं राहू लागलं. एका गिऱ्हाइकाला त्यांनी ‘रस्ता मंजूर आहे’ असं सांगितलं होतं. रस्ता मंजूर नव्हता. होईल अशी बोलवा होती. काही दिवस त्यांनी आढावाच बंद ठेवला. पुन्हा बसले तर तेच वाक्य. शेवटी त्यांनी फोन करून खरं सांगितलं, सौदा गेला, आणि घरात त्यावरून बोलणी बसली. त्यांनी ही हकीकत गटात सांगितली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांना दुसरं एक वाक्य आठवू लागलं होतं.

उपासाबद्दल थोडंच. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण कुणा एका धर्मापुरती नाही. शुक्रवारची उपास-प्रार्थना सुटल्यावर बिर्याणीची पातेली उघडतात, हे आमच्या मंडळ्यांत कुणाला नवीन नाही. यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपासाची कसोटी सांगितली आहे, ती भुकेल्याला भाकरीतली भाकरी देण्याची. लेंटच्या चाळीस दिवसांत वाचलेल्या जेवणाचे पैसे वेगळे काढून द्यायची जी पद्धत पुस्तकात आहे ती जरूर आचरावी.

दोन इशारे द्यावेसे वाटतात. एक, आध्यात्मिक मार्गदर्शकाबद्दल. दुसऱ्या माणसाला आपलं मन उघडून दाखवणं हा या परंपरेचा कणा आहे, आणि तिथेच सगळ्यात मोठा धोकाही आहे. जो मार्गदर्शक तुमचं लग्न, नोकरी, पैसा यांचे निर्णय स्वतः घेऊ लागतो, तुमची गुपितं प्रवचनात वापरतो, किंवा इतरांशी बोलायला मनाई करतो, त्याच्यापासून निघून यावं. तो पाळक असो, फादर असो की प्रार्थनागटाची ताई. दुसरा इशारा आजारी मनाबद्दल. ज्यांना गाढ नैराश्य आहे, झोप उडाली आहे, जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात, त्यांनी दीर्घ मौनाला बसू नये. डॉक्टरांकडे जावं, औषध घ्यावं, आणि घरच्यांच्या सोबतीने लहानशी प्रार्थना करावी. औषध घेणं हा विश्वासाचा कमीपणा नाही, हे पुस्तकाने ठळक अक्षरांत छापलं आहे, आणि ते आणखी मोठ्या अक्षरांत छापलं असतं तरी मला चाललं असतं.

पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका दमात वाचण्यासाठी नाही. एक अभ्यास घ्यावा आणि निदान एक लेंटभर तोच करावा. ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं आहेत त्यांच्यासाठी तिसऱ्या प्रकरणात जागा सुचवल्या आहेत: गच्ची, रिकामी मंडळी, कंपनीच्या बसमधली खिडकी, परिचारिकांना रात्रपाळीत पहाटे मिळणारी ती थोडी सवड. एकट्याने करणार असाल तर महिन्यातून एकदा ज्याच्याशी खरं बोलता येईल असं एक माणूस आधी शोधा. गटाने करणार असाल तर सहावं प्रकरण, एकमेकांजवळ पाप कबूल करण्याचं, अगदी शेवटी घ्या. मुळशीच्या गटाने त्याला हात घातला तो एकमेकांच्या घरी जाणं-येणं सुरू झाल्यावर, आजारपणात डबे पोचवून झाल्यावर, आणि एका जुन्या भांडणाचा निवाडा होऊन दोन कुटुंबं पुन्हा एका पंगतीला बसल्यावर.